पापणी उचलण्याआधी डोळा मिटतो का ते पाहा: स्नायू झिजण्याच्या आजारांत डोळ्यांची हालचाल कशी सांभाळावी

टीव्ही बघताना माणूस हनुवटी वर करायला लागतो. कपाळावरच्या आठ्या कायमच्या होतात. लग्नाच्या फोटोत सगळे टवटवीत आणि हा एकटा पेंगुळलेला. घरचे म्हणतात, वय झालं. चष्मेवाला नंबर तपासतो, नंबर बरोबरच निघतो. मग कुणीतरी सुचवतं, पापणी उचलायचं छोटंसं ऑपरेशन असतं, करून टाका.

इथे थांबायचं. स्नायू झिजण्याच्या काही आजारांत डोळा उघडणारा स्नायू जसा दुबळा होतो, तसाच मिटणाराही होतो, आणि बुबुळ फिरवणारे तर होतातच. अशा डोळ्याची पापणी वर बांधून टाकली तर झोपेत बुबुळ उघडं राहतं, कोरडं पडतं आणि त्यावर जखम होते. म्हणून पापणी किती उचलायची हे ठरवण्याआधी डोळा किती मिटतो हे मोजायचं, आणि त्याच आठवड्यात ईसीजी काढायचा. डोळ्यासाठी ईसीजी कशाला, ते पुढे येईल.

कुठल्या आजारात काय होतं

प्रत्येक डोळ्याला सहा स्नायू फिरवतात, सातवा पापणी उचलतो. मिटणारा स्नायू वेगळा, तो डोळ्याभोवती कड्यासारखा असतो आणि चेहऱ्याच्या नसेवर चालतो. जागेपणी डोळे फिरवणाऱ्या स्नायूंना जवळजवळ विसावाच नसतो, त्यामुळे त्यांची ऊर्जेची भूक मोठी. पेशीत ऊर्जा तयार करणाऱ्या मायटोकॉन्ड्रियात बिघाड झाला, की पहिला फटका बहुतेकदा इथेच बसतो.

या बिघाडाचं सगळ्यांत ठळक रूप म्हणजे सीपीईओ, पूर्ण नाव क्रॉनिक प्रोग्रेसिव्ह एक्स्टर्नल ऑप्थॅल्मोप्लेजिया. आधी पापण्या पडतात, मग वर्षानुवर्षं सावकाश बुबुळांची हालचाल कमी होत जाते. दोन्ही डोळे साधारण सारखेच आखडत असल्यामुळे अनेकांना दोन-दोन दिसतच नाही. म्हणूनच निदानाला उशीर होतो. बाहुली मात्र नेहमीसारखी लहान-मोठी होत राहते. हाच प्रकार विसाव्या वर्षाच्या आत सुरू झाला आणि डोळ्याच्या पडद्यावर रंगद्रव्याचे डाग दिसले, तर कर्न्स-सायर सिंड्रोमचा विचार करतात. कर्न्स आणि सायर यांनी १९५८ मध्ये त्याचं वर्णन केलं. यात हृदयातले विजेचे संदेश अडतात, कधी एकाएकी. पापणीसाठी आलेल्या मुलाचा ईसीजी काढायचा तो यासाठी.

चाळिशी-पन्नाशीनंतर पापण्या पडू लागल्या, सोबत घास घशात अडकायला लागला आणि आई किंवा वडिलांनाही असंच होतं, तर ओपीएमडी, म्हणजे ऑक्युलोफॅरिंजियल मस्क्युलर डिस्ट्रॉफी, डोक्यात आणा. यात बुबुळांची हालचाल थोडीच कमी होते, त्रास मुख्यतः पापणी आणि घशाचा. मायोटोनिक डिस्ट्रॉफीत कानशिलं आत जातात, चेहरा लांबट-उतरलेला दिसतो, मूठ आवळली की पटकन सुटत नाही आणि कमी वयात मोतीबिंदू येतो. त्यातही हृदय तपासावंच लागतं.

मुलग्यांना लहानपणीच होणाऱ्या ड्युशेन डिस्ट्रॉफीत हातापायांचे स्नायू जातात, पण डोळे फिरवणारे स्नायू शाबूत राहतात. एएलएसमध्येही, म्हणजे स्नायूंना चालवणाऱ्या नसा मरत जाण्याच्या आजारात, ते बरेच उशिरापर्यंत टिकतात, म्हणून तर त्या रुग्णांना नजरेने चालणारा संगणक वापरता येतो. तेव्हा ड्युशेनच्या मुलाला तिरळेपणा किंवा दोन-दोन दिसणं सुरू झालं तर ते मूळ आजाराच्या खात्यात टाकू नका, दुसरं कारण शोधा.

आणखी दोन आजार हुबेहूब असे दिसतात, पण ते झिजण्याचे नाहीत आणि त्यांना औषध आहे. मायस्थेनियात, म्हणजे नसेचा संदेश स्नायूपर्यंत नीट न पोचण्याच्या आजारात, त्रास सकाळी कमी, संध्याकाळी जास्त असतो, आज उजवी पापणी तर उद्या डावी. थायरॉइडच्या डोळ्यात पापणी पडण्याऐवजी वर ओढली जाते, डोळे बटबटीत दिसतात आणि स्नायू बारीक न होता जाड होतात. थायरॉइड असून पापणी पडत असेल तर मायस्थेनियाही तपासून घ्या, दोन्ही एकाच माणसात सापडतात.

आधी धोका ओळखा

स्नायूंचा आजार महिन्यांत आणि वर्षांत वाढतो, तासांत नाही. एका डोळ्याची पापणी अचानक पडली, बुबुळ बाहेरच्या बाजूला आणि खाली सरकलं, डोकं दुखतंय आणि त्या डोळ्याची बाहुली मोठी झाली आहे, तर मेंदूतली रक्तवाहिनी फुगून नसेवर दाब आलेला असू शकतो. १०८ लावा, रात्र काढू नका. दोन-दोन दिसण्यासोबत तोंड वाकडं होणं, बोबडं बोलणं, गिळताना ठसका, श्वास अपुरा पडणं, चक्कर येऊन बेशुद्ध पडणं, यांपैकी काहीही असेल तर तेच. रोज दारू पिणारा, जेवण सुटलेला माणूस डोळे फिरवू शकत नाही आणि गोंधळल्यासारखा वागतो, तर त्याला तातडीने शिरेतून थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, लागतं.

घरचं मोजमाप: एक पट्टी, एक टॉर्च, एक मोबाइल

डॉक्टरांसमोर दहा मिनिटं मिळतात. वर्षभराचा आलेख तुम्हालाच न्यावा लागतो.

पहिलं काम जुने फोटो. आधार कार्ड, वाहन परवाना, मतदार ओळखपत्र, पासपोर्ट, लग्नाचा अल्बम, मुलांच्या शाळेचा कौटुंबिक फोटो, सगळे वर्षाप्रमाणे ओळीत लावा. सरकारी कार्डांवरचे फोटो इथे फार उपयोगी, कारण ते समोरून, न हसता काढलेले असतात. बुबुळाची आडवी रुंदी मोठ्या माणसात साधारण ११.५ ते १२ मिलिमीटर असते. म्हणजे फोटोतच पट्टी आहे. फोटो मोठा करून बुबुळाची रुंदी मोजा, ती साधारण १२ धरा आणि त्या प्रमाणात पापणी बाहुलीच्या मध्यापासून किती वर आहे ते काढा. आधारवर अंतर ४ मिलिमीटर आणि आज दीड, मधल्या पासपोर्टवर ३, एवढं कळलं की आजार किती जुना आणि किती संथ ते डॉक्टरांना एका नजरेत समजतं.

आता आजचे फोटो. खिडकीकडे तोंड करून बसा, फ्लॅश बंद. मोबाइल डोळ्यांच्या पातळीत, साधारण ५० सेंटिमीटरवर. दुसऱ्या कुणीतरी काढायचे, सेल्फी नको, कारण सेल्फीत हात वर जातो आणि त्यासोबत हनुवटी. भुवया अंगठ्याने हलक्या दाबून धरा, नाहीतर कपाळाचा स्नायू पापणी वर ओढून खोटा आकडा देतो. ही चूक सगळ्यांत जास्त होते. उठल्या-उठल्या एक संच, रात्री झोपण्याआधी दुसरा, असं तीन दिवस.

मग पट्टी. शाळेची प्लास्टिकची चालते, पण शून्याची खूण कडेपासून आत असते, तिकडे लक्ष द्या. समोर टॉर्च धरा. बाहुलीच्या मधोमध चमक दिसते, त्या चमकेपासून वरच्या पापणीच्या काठापर्यंतचं अंतर ४ ते ५ मिलिमीटर असावं. २ किंवा त्याखाली आलं तर बघण्यात अडथळा सुरू होतो. त्यानंतर भुवई दाबून ठेवून माणसाला पूर्ण खाली बघायला सांगा, पट्टीचा शून्य पापणीच्या काठाला लावा, आता पूर्ण वर बघायला सांगा. काठ किती मिलिमीटर चढला? १२ ते १५ असेल तर उचलणारा स्नायू ठीक आहे. ८ च्या खाली तो थकलेला, ४ किंवा त्याखाली जवळजवळ गेलेला. ऑपरेशनचा प्रकार पुढे याच आकड्यावर ठरतो.

हालचाल तपासायला लाल टोपणाचा पेन पुरतो. समोर ४० सेंटिमीटरवर धरून मोठा इंग्रजी एच काढा: उजवीकडे, तिथून वर-खाली, मग डावीकडे, तिथूनही वर-खाली. माणसाची हनुवटी दुसऱ्या हाताने धरून ठेवा, नाहीतर तो डोळ्याऐवजी मानच फिरवतो आणि तुम्हाला सगळं ठीक वाटतं. कानाकडे बघताना बुबुळाच्या बाहेरच्या बाजूला पांढरं दिसायला नको. दिसलं तर किती, ते मिलिमीटरमध्ये लिहा. दोन्ही डोळे आधी एकत्र, मग एक झाकून एकेक. वर बघणं म्हातारपणी सगळ्यांचंच थोडं कमी होतं, त्यामुळे ऐंशीच्या आजोबांचं फक्त वर बघणं कमी असेल तर घाबरू नका. खाली बघणं गेलं असेल तर मात्र नोंदवा.

बुबुळ फिरत नसेल तर एक पाऊल पुढे जा. माणसाला समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर नजर रोखायला सांगून त्याची मान हळूच खाली-वर आणि डावी-उजवी करा. मानेचा त्रास असेल तर हे करू नका. स्नायूच दुबळा असेल तर असं केलं तरी बुबुळ पुढे जात नाही. स्वतःहून बघता येत नाही पण मान हलवली की बुबुळ छान सरकतं, तर अडचण स्नायूत नसून मेंदूच्या आदेशात आहे, पार्किन्सनसारख्या काही आजारांत असं दिसतं. मग रस्ता वेगळा, न्यूरॉलॉजिस्टकडे जायचं.

दोन-दोन दिसत असेल तर एक डोळा झाका. तरीही दोन दिसलं तर तो प्रश्न स्नायूंचा नाही, मोतीबिंदू, नंबर किंवा बुबुळाचा आहे. कुठलाही डोळा झाकल्यावर एकच दिसलं, तर डोळे एका रेषेत नाहीत.

पापणी दिवसभरात कमी-जास्त पडत असेल तर बर्फाची चाचणी. बर्फ पिशवीत घालून पातळ रुमालात गुंडाळा आणि मिटलेल्या पापणीवर २ मिनिटं ठेवा. लगेच मोजा. पापणी २ मिलिमीटर किंवा जास्त वर आली तर मायस्थेनियाचा संशय बळकट होतो. नाही आली म्हणून तो नाहीच असं मात्र म्हणता येत नाही. त्याआधी एक मिनिट सतत वर बघायला लावलं आणि पापणी हळूहळू खाली उतरत गेली, तर तीही नोंद करा.

आणि आता मूळ प्रश्न, डोळा मिटतो का. झोपल्यासारखे डोळे हलकेच मिटायला सांगा. काठांमध्ये फट दिसते का? किती? मग घट्ट मिटायला सांगा आणि अंगठ्याने पापणी उघडून बघा, सहज उघडली तर मिटणारा स्नायू दुबळा आहे. शेवटी पापणी बोटांनी उघडी धरून माणसाला डोळा मिटायचा प्रयत्न करायला सांगा. निरोगी माणसात बुबुळ आपोआप वर सरकून पापणीआड लपतं. ते सरकलं नाही, जागच्या जागी राहिलं, तर ही सगळ्यांत महत्त्वाची नोंद आहे. मोठ्या अक्षरात लिहा. रात्री झोपेतही टॉर्च बाजूने मारून फट बघा. हे काम घरच्यांनाच करावं लागतं, दवाखान्यात कुणी करू शकत नाही.

तपासण्या: कुठल्या आधी

पहिला ईसीजी. तो ठाण्यात कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात काढा, वाशीच्या महापालिका रुग्णालयात काढा किंवा गल्लीतल्या डॉक्टरकडे, फरक पडत नाही. त्यात संदेश अडल्याची चिन्हं असतील तर हृदयरोगतज्ज्ञ आधी, बाकी सगळं नंतर. निदान सीपीईओ ठरलं की वर्षातून एकदा ईसीजी, कर्न्स-सायरमध्ये त्याहून लवकर. पेसमेकर वेळेत बसला तर जीव वाचतो, इतकं हे सरळ आहे.

रक्तात थायरॉइड, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर), सीपीके (स्नायू झिजल्यावर वाढणारं द्रव्य) आणि मायस्थेनियाची अ‍ॅसिटिलकोलिन रिसेप्टर अँटिबॉडी. सीपीके सीपीईओत बऱ्याचदा नॉर्मलच येतं, त्यावर विसंबून आजार नाकारू नका. अँटिबॉडीचंही तसंच. फक्त डोळ्यांपुरत्या मायस्थेनियात ती साधारण निम्म्या रुग्णांतच सापडते. लॅक्टेट, म्हणजे ऊर्जा अपुरी पडली की रक्तात साचणारं आम्ल, मागितलं असेल तर रक्त देण्याआधी अर्धा तास बसून राहा, जिने चढून थेट खुर्चीत बसू नका. दंडाला पट्टा बराच वेळ आवळून धरला किंवा मूठ वारंवार आवळायला लावली तर आकडा खोटा वाढतो. लॅबवाल्याला हे आधीच सांगा, तो तुम्हाला जरा आगाऊ समजेल, समजू दे.

डोळ्यांच्या खोबणीचा एमआरआय काढला तर स्नायू बारीक आहेत की जाड हे दिसतं, आणि थायरॉइड की सीपीईओ हा प्रश्न बहुतेकदा तिथेच सुटतो. डोळ्याच्या पडद्याची तपासणी बाहुली मोठी करून करून घ्या. कानाची ऑडिओमेट्री एकदा करा, मायटोकॉन्ड्रियाच्या आजारात ऐकू कमी येणं आणि मधुमेह हे सोबती असतात.

जनुकीय तपासणीत एक घोटाळा हमखास होतो. मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएतला तुटलेला भाग मोठ्या माणसाच्या रक्तात बऱ्याचदा सापडत नाही, स्नायूत सापडतो. रक्ताचा रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून फाइल बंद करतात आणि आजार वाढत राहतो. स्नायूच्या छोट्या तुकड्यावर विशेष रंग दिला की लालसर, फाटक्या कडांचे तंतू दिसतात, त्याच तुकड्यातून डीएनए काढता येतो. पीओएलजीसारख्या काही जनुकांचे बदल मात्र रक्तात कळतात, आणि ओपीएमडीचं पीएबीपीएन१ जनुकही. ओपीएमडी मुलांकडे जायची शक्यता ५० टक्के. डीएनएचा एकच भाग तुटल्याने झालेला सीपीईओ बहुतेकदा घराण्यात नसतो, आईकडून मुलाला जायची शक्यता साधारण ४ टक्के धरतात. लग्न ठरवण्याआधी नातेवाइकांत कुजबुज सुरू होते, त्यापेक्षा आकडा कागदावर असलेला बरा.

दुर्मिळ आजारांच्या २०२१ च्या राष्ट्रीय धोरणात परळचं केईएम रुग्णालय हे मुंबईतलं नेमलेलं केंद्र आहे. ठाण्याहून धीम्या लोकलने थेट परळ, नवी मुंबईतून हार्बरने कुर्ल्याला गाडी बदलून. सोबत फोटोंचा संच, मोजमापाचा कागद आणि सगळे ईसीजी तारखेप्रमाणे लावून न्या.

दोन-दोन दिसत असेल तर

किती अंतर आहे ते घरीच मोजता येतं. भिंतीवर डोळ्याच्या उंचीला छोटा दिवा किंवा चमकदार टिकली लावा, बरोबर ३ मीटरवर बसा. दुसरी, फसवी प्रतिमा भिंतीवर जिथे दिसते तिथे घरच्या माणसाने बोट सरकवत नेऊन खूण करायची. दोन खुणांतलं अंतर सेंटिमीटरमध्ये मोजा आणि ३ ने भागा. आलेला आकडा म्हणजे प्रिझम डायॉप्टर, प्रतिमा सरकवणाऱ्या प्रिझमच्या काचेचं माप. १५ सेंटिमीटर आले तर ५. हेच चेहरा डावीकडे आणि उजवीकडे वळवूनही करा. तिन्ही आकडे जवळजवळ सारखे असतील तर प्रिझमचा चष्मा चांगला लागतो. समोर ५ आणि बाजूला २० असेल तर तो समोरच उपयोगी, बाकी मान फिरवायची सवय. दर आठवड्याला आकडा बदलत असेल तर काचेत कायमचा प्रिझम करून घेऊ नका, पैसे वाया जातील.

बदलत्या आकड्याला फ्रेनेल प्रिझम बरा. ही चिकटवायची पातळ, रेघारेघांची प्लास्टिकची चकती असते. नौपाड्यात असो की वाशीत, चष्मेवाल्याला ती बऱ्याचदा मागवावी लागते. लावताना चष्म्याच्या काचेच्या आकाराचा कागद कापून त्यावरून चकती कापा, कोमट पाण्याच्या भांड्यात काच आणि चकती दोन्ही बुडवून गुळगुळीत बाजू काचेच्या आतल्या बाजूला टेकवा, बोटाने मधून कडेला दाबत हवेचे बुडबुडे काढा. पाण्याबाहेर काढून हळूच टिपा आणि सुकू द्या. दिशा चुकली तर दोन प्रतिमा जवळ येण्याऐवजी लांब जातात: डोळा बाहेर सरकत असेल तर जाड बाजू नाकाकडे, आत सरकत असेल तर कानाकडे. डॉक्टरांकडून काचेवर पेनाने खूण करून आणा. थोडं अंधुक दिसणारच, म्हणून ती शक्यतो कमी वापराच्या डोळ्यावर लावतात.

एवढं नको असेल तर एका काचेवर अर्धपारदर्शक टेप. दिसायला साधं, पण काम होतं.

चष्मा करताना बायफोकल किंवा प्रोग्रेसिव्ह घेऊ नका. वाचायचा नंबर काचेच्या खालच्या भागात असतो, आणि ज्याचं बुबुळ खाली जात नाही त्याला तो भाग मिळतच नाही. दूरचा वेगळा, वाचायचा वेगळा. पुस्तक मांडीवर न ठेवता डोळ्यांसमोर उभं करणारा लाकडी स्टँड घ्या, पोथी ठेवायचा असतो तसाच.

त्राटक किंवा बुबुळं फिरवण्याचे व्यायाम करून गेलेला स्नायू परत येत नाही. एकटक बघण्याने उलट कोरडेपणा वाढतो. तिरळेपणाचं ऑपरेशन आकडे बराच काळ स्थिर राहिले तरच, आणि आजार पुढे गेला की डोळा पुन्हा सरकू शकतो हे आधी समजून.

पापणीचं काय करायचं

ऑपरेशनच्या आधी चष्म्याला क्रच लावून बघा. चष्म्याच्या धातूच्या फ्रेमला आतून बारीक वळवलेली तार डाख देऊन जोडतात, ती पापणीची घडी वर उचलून धरते. फ्रेम नाकावर पक्की बसणारी हवी, घसरली की तार पापणीत रुतते. पहिल्या दिवशी १५ मिनिटं, मग हळूहळू वाढवत तास-दोन तास. तार लावलेली असताना डोळा नीट मिचकवता येत नाही, म्हणून दर तासाला कृत्रिम अश्रूंचा थेंब. बुबुळ वर लपत नसेल तर तार फक्त कामापुरती, टीव्ही-पेपरापुरती.

ऑपरेशनच करायचं तर सीपीईओत बहुतेकदा सिलिकॉनच्या दोरीने पापणी कपाळाच्या स्नायूला जोडतात. ही दोरी लवचीक असते, नंतर सैल करता येते किंवा काढता येते, हाच तिचा मोठा गुण. पापणी दुसऱ्या डोळ्याइतकी किंवा फोटोतल्यासारखी उचलायची नसते, बाहुलीच्या वरच्या कडेपर्यंत पुरते. कमी उचललेली पापणी परत उचलता येते. उघड्या बुबुळावर डाग पडला तर तो जाईलच असं नाही. शस्त्रक्रियेच्या आधी डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा: माझं बुबुळ मिटताना वर सरकतं का, डोळा उघडा राहिला तर दोरी किती दिवसांत सैल करता येईल, आणि भूल कोणती. मायोटोनिक डिस्ट्रॉफी असेल तर भूलतज्ज्ञाला आधी सांगणं अनिवार्य आहे, काही औषधांनी स्नायू कडक होतात आणि श्वास अडतो.

मिटणं सांभाळायचं, ते रोज

दिवसा कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोज ०.५ टक्के, म्हणजे कृत्रिम अश्रूंचे थेंब, दिवसातून चार-सहा वेळा. त्याहून जास्त लागत असेल तर परिरक्षक नसलेले, एकेकट्या कुपीतले घ्या. रात्री थेंबांनी भागत नाही, मलम लागतं. फट राहत असेल तर टेप. क्रम असा: हात धुवा, खालची पापणी ओढून मलमाची तांदळाच्या दोन दाण्यांएवढी रेघ सोडा, बोटाने वरची पापणी खाली आणून मिटवा, मग अर्ध्या इंचाची कागदी मायक्रोपोर पट्टी वरच्या पापणीवरून गालाकडे तिरकी लावा. आधी मलम पापणीच्या कातडीवर पसरलं असेल तर पट्टी सुटते, म्हणून कातडी आधी पुसा. पट्टीखाली डोळा उघडला तर पट्टीच बुबुळाला घासते, त्यामुळे लावल्यावर दोन मिनिटं थांबून आतून काही उघडं नाही ना ते पाहा. सकाळी कोमट पाण्याने ओली करून, पापणीच्या केसांच्या दिशेने काढा.

पंखा थेट डोळ्यांवर येत असेल तर पलंग सरकवा. एसी असेल तर झडप छताकडे. दिवसा बाहेर जाताना कानांपर्यंत वळणारा गॉगल. डोळा लाल, दुखतोय, उजेड सोसत नाही, असं झालं की त्याच दिवशी डॉक्टर. काउंटरवरून स्टेरॉइडचे थेंब आणू नका.

जिना, नाका, लोकल

बुबुळ खाली जात नसेल तर पडायची सगळ्यांत मोठी जागा म्हणजे उतरता जिना. ठाणे स्टेशनच्या पुलावर संध्याकाळी माणसं मागून लोटत असतात, पायरी दिसत नाही आणि मान खाली घालायला जागा नसते. कठडा धरून कडेनेच उतरा, शक्य तिथे लिफ्ट. घरच्या जिन्यात पहिल्या आणि शेवटच्या पायरीच्या कडेला पिवळी किंवा पांढरी रेघ मारा. पावसाळ्यात हे काम आधी.

ठाण्यातल्या तीन हात नाक्यासारख्या ठिकाणी बाजूने येणारी रिक्षा बुबुळ न फिरवता दिसत नाही. सिग्नल असेल तिथेच ओलांडा आणि खांद्यांसकट पूर्ण वळून बघा, नुसती मान नाही. दोन-दोन दिसत असताना स्कूटर किंवा गाडी चालवू नका, नवी मुंबईच्या पाम बीच रोडवर रात्री समोरून येणाऱ्या दिव्यांची संख्याच दुप्पट होते. एक डोळा झाकून चालवायला लागण्याआधी अंतराचा अंदाज यायला काही आठवडे जातात आणि डॉक्टरांची परवानगीही लागते.

खिशातलं कार्ड

आजाराचं नाव, ईसीजीची तारीख, घरच्याचा फोन आणि टाळायची औषधं, एवढं एका कार्डावर. मायटोकॉन्ड्रियाचा आजार असेल तर व्हॅल्प्रोएट हे फिट्सचं औषध टाळा. पीओएलजीच्या बदलात त्याने यकृत निकामी होऊ शकतं. कानांना मार बसणारी जेंटामायसिन, अमिकासिनसारखी अँटिबायोटिक शक्यतो नकोत. मायस्थेनियात हीच दोन, शिवाय सिप्रोफ्लॉक्सासिन, अ‍ॅझिथ्रोमायसिन, शिरेतून मॅग्नेशियम आणि बीटा ब्लॉकर, म्हणजे बीपी-हृदयाची काही औषधं, विचारल्याशिवाय नकोत. को-क्यू-१० च्या गोळ्या अनेक जण घेतात. सीपीईओत त्याने पापणी वर आल्याचा भक्कम पुरावा नाही, त्या शरीरात खरीच कमी असेल तर गोष्ट वेगळी. रोज चालणं, झेपेल इतकंच, हे मात्र सुरू ठेवा.

ओपीएमडीत गिळणं डॉक्टरांसमोर तपासा: ८० मिलिलिटर बर्फाचं पाणी पिऊन संपवायला ७ सेकंदांपेक्षा जास्त लागले तर गिळण्यात दोष धरतात. घरी ठसका लागतो म्हणून हे करून बघू नका. कोरडी चपाती, पोहे, शेंगदाणे अडकतात. आमटीत कुस्करलेली भाकरी, मऊ भात, खिमटी सोपी जाते. जेवताना हनुवटी किंचित खाली, पापणी पडलेली असली तरी वर करून गिळू नका.

दिव्यांग हक्क कायदा २०१६ च्या २१ प्रकारांत मस्क्युलर डिस्ट्रॉफी स्वतंत्रपणे आहे. ओपीएमडी आणि मायोटोनिक डिस्ट्रॉफी त्यात बसतात. यूडीआयडीचा, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्राचा, अर्ज स्वावलंबन पोर्टलवर भरायचा आणि सवलतींसाठी ४० टक्क्यांचा उंबरठा लागतो. सीपीईओला हातापायांची ताकद, गिळणं आणि नजर, जे खरोखर अडतंय त्याचे रिपोर्ट जोडा.

फोटो आणि पट्टीचं मोजमाप दर तीन महिन्यांनी, त्याच खिडकीशी, त्याच माणसाने. झोपेतली फट दर महिन्याला. टॉर्च उशीजवळच ठेवा.